मालकाचं नाव

सोमवार, ३ फेब्रुवारी १९४७. सांगली.

दोन खोल्या देतो म्हणाले होते, दिली एक. तीही अशी की पाय पसरले तर चुलीला लागतात. त्यात कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखालचं काही म्हणजे काही शिजवायचं नाही. जैनांच्या आवारात राहायचं तर असंच असतं, हे सयाजी आज सांगतोय. आधी सांगायला काय तोंडाला कुलूप होतं? मी लोणंदच्या बाजारातनं कांद्याचं पोतं वाहून आणलं. ते आता बाजेखाली घोंगडीत गुंडाळून ठेवलंय. वास काय घोंगडीत राहतो होय? शेटाणी राजमतीबाई दारावरनं गेल्या त्या पदर नाकाला लावूनच. मी मनात म्हटलं, बाई, तुमची हळद काय झाडाला लागते? पण हळदीवर पेढी चालते, म्हणून हळद चालते.

बाकी जागा झकास आहे, तेही लिहिते. नंतर कुणी म्हणायला नको की ही बाई नुसती कुरकुर करते. नळ दारात आहे. खिडकीतनं नदीकडचा वारा येतो. वखारीतनं हळदीचा वास येतो, सगळं आवार कसं लग्नघरासारखं.

ही वही सयाजीनं दिली. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी. तो म्हणाला, आई, रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर अक्षरं विसरशील. विसरले तर कुणाचं काय अडतंय? पण पोरगं लढाईवरनं धड परत आलं. त्यानं सांगितलं, म्हणून लिहिते.

आम्ही तिघं. सयाजी, मी आणि मालक. मालक म्हणजे आमचे हे. नाव मी घेत नाही, लिहीतही नाही. त्यांचं नाव डोंगरावरच्या देवाचं आहे, त्यामुळं त्या देवाचंसुद्धा मला घेता येत नाही. यात्रेत सगळ्या बाया नावानिशी ओरडतात, मी नुसतंच ‘च्या नावानं चांगभलं’ म्हणते. बाईनं नाव घेतलं की मालकांचं आयुष्य तुटतं, असं सासूनं पहिल्या दिवशी बजावलं होतं. बाकी सासूचं मी काही ऐकलं नाही, तेवढं ऐकलं.

मालकांचे दोन्ही कान पहिल्या लढाईत बसऱ्याकडं तोफेनं गेले. आता पेन्शन खातात आणि विडी ओढतात. मी दिवसभर ‘आवं’ म्हणून बोंबलते, ते ऐकत नाहीत.

इथली गंमत म्हणजे हमाल लोक वर्धमान शेटनाही मालकच म्हणतात. एका आवारात दोन मालक. मी शेटना शेट म्हणणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सयाजीची नोकरी काय आहे ते आज डोळ्यांनी बघितलं. शेटचा धंदा हळदीचा, पण जीव टेलिफोनात. पेढीवर असतो तसा काळा बसका नव्हे. जुना, उभा. खाली वाटोळी बैठक, मध्ये दांडा, वर बोलायचं तोंड. ऐकायचा कान वेगळा, दोरीनं बांधलेला, बाजूच्या आकड्याला टांगलेला. साहेब लोक त्याला मेणबत्तीचा फोन म्हणतात म्हणे. मला समईच दिसली. मी विचारलं, शेट, वाती कुठं लावायच्या? हसले. म्हणाले, लावा की हो, पण मला सांगून लावा.

वखारीच्या माडीवर फळ्यांवर हे सगळे ओळीनं उभे. पितळी, काळे, एक चांदीसारखा. शेट एकेक मांडीवर घेतात, तान्ह्या पोरासारखा उलटा करतात, बुडाला चिकटवलेलं बनातीचं कापड सोलून भिंगातनं बघतात. तोंडाच्या मागं आकडे कोरलेले असतात. ते वाचून सांगतात, हा अमक्या देशातला, अमक्या कारखान्याचा, असे आता मिळत नाहीत. सयाजी पेच काढून आतलं बघतो. मग म्हणतो, शेट, दांडा जुना आहे पण कान दुसऱ्याचा बसवलाय. लगेच शेटचं तोंड उतरतं. त्याला जोडकाम म्हणतात, आणि शिवी दिल्यासारखं म्हणतात.

साहेब लोक आता देश सोडून चाललेत. महाबळेश्वर, पाचगणीचे बंगले रिकामे व्हायला लागलेत. शेट मोटार काढून दारोदार फिरतात. सयाजी लढाईत सिग्नलमध्ये होता, तारा ओढायचा, म्हणून त्याला ठेवलं. राजमतीबाई म्हणाल्या, उद्या घरात टेलिफोनच राहतील, आम्ही बस्तीत, देवळातच जाऊन झोपतो. शेट म्हणाले, झोपा की, तिथं टेलिफोन नाही तेवढंच वाईट.

झाडपूस माझ्याकडं आली. सयाजीनं शिकवलं की तोंडाच्या आत कोळशाचा चुरा असतो, तो थिजतो, म्हणून पुसताना बोटानं टिचकी मारायची. मग त्यानं एक फोन माडीवर आणि एक आमच्या खोलीत ठेवून मध्ये तार ओढली. वरनं म्हणाला, आई, चहा टाक. अगदी कानात. मी म्हटलं, मेल्या, खाली येऊन माग. मालकांनीही कान लावून बघितला. म्हणाले, लय ग्वाड वाजतंय. काय ऐकलं त्यांचं त्यांनाच ठाऊक.

इस्लामपूरची विजयमाला सयाजीला नक्की झाली आहे. वैशाखात लग्न. मी अजून मुलीशी बोलले नाही, पण तिची आई फार बोलते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काल संध्याकाळी शेट आणि सयाजी महाबळेश्वराहून आले. एकच फोन आणला. शेट एवढे खूश की जेवायला बसायच्या आत सूर्य बुडाला आणि उपाशीच झोपले, तरी हसतमुख.

फोन काळा आहे. बाकीच्यांपेक्षा बारीक, उंच. शेट म्हणतात, असा मी चित्रातसुद्धा बघितला नाही. बुडाला छाप नाही, मागं आकडा नाही, पुसल्याची खूणही नाही. कारखान्याचं नावच नाही. ओळख पटली तर हिंदुस्थानात असा दुसऱ्याकडं नसेल. बंगल्याचा राखणदार धुळा म्हणून आहे, त्यानं फुकटात मोटारीत ठेवला. शेट देत होते ते घेतलंच नाही.

मी म्हटलं, फुकट दिला म्हणजे खोड असणार. सयाजी म्हणाला, आई, तुला सगळ्यात खोड दिसते. व्यवहार करून करून दिसायला लागते बाबा.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

माडीवर सगळ्यावर हळदीची धूळ बसते. सकाळी पुसावं, दुपारी पिवळं. त्या काळ्यावर बसत नाही. मी मुद्दाम दोन दिवस पुसला नाही. फळी पिवळी, आजूबाजूचे पिवळे, तो काळाच्या काळा.

आज सयाजीनं तो खोलला. दांड्यात तार नाही. बैठकीत काही नाही. तोंड उघडलं, त्यात कोळसा नाही. आतल्या पत्र्यावर दव होतं. आरशावर हा केल्यावर येतं तसं. पुसलं, परत आलं. सयाजी म्हणाला, थंड जागेतनं आणलाय म्हणून असेल. सांगलीत येऊन चार दिवस झाले, अजून कसली थंडी? शेट भिंग लावून बसले होते. म्हणाले, हे जोडकाम नाही, हे काय ते मला कळेना झालंय. ते असं कधी बोलत नाहीत.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दुपारी माडीवर पुसत होते. हमाल पोत्यांवर लवंडले होते. फडक्याचा धक्का लागून काळ्याचा कान आकड्यावरनं सुटला. उचलून परत टांगायला गेले तर त्यातनं माणूस बोलला.

शाळा तपासायला साहेब यायचे तसा आवाज. स्वच्छ, कोरडा. विचारलं, कोण बोलतंय? मला वाटलं सयाजीची चेष्टा. मी कानाला लावून म्हटलं, मी बोलतीय, तू कोण? त्यानं सांगितलं नाही. म्हणाला, मालकांचं नाव सांगा.

मी म्हटलं, नाव कसं घेऊ? बाईमाणसाला विचारतात का असं? तो म्हणाला, मग कुणाचे कोण ते सांगा. आम्ही नेहमी सांगतो तसं मी सांगितलं, सयाजीचे वडील.

तो म्हणाला, सयाजी. घेतलं.

पुढचं त्यानं ऐकलंच नाही. मी वडील, वडील म्हणून दोनदा सांगितलं. कानात काही नाही. सुकी दोरी.

खाली आले तर सयाजी ओट्यावर मालकांची दाढी करत होता. माडीवर नव्हताच. मी कुणाला काही बोलले नाही. माझा डावा कान बधीर झाला आहे. बहिरा नव्हे, ऐकू येतं. पण हात लावला तर दुसऱ्याच्या कानाला लावल्यासारखा लागतो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सयाजीनं तार चिकटवायची तापलेली सळई उलट्या बाजूनं धरली. चामडं करपल्याचा वास खाली माझ्यापर्यंत आला. मी धावत गेले तर तो तसाच धरून बसलेला, दुसऱ्या हातानं पेच फिरवत. मी सळई हिसकली. तो म्हणाला, का गं? मी त्याचा हात दाखवला. त्यानं बघितलं. म्हणाला, हां.

तूप लावून बांधलं. ओरडले मी, तो नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

नावानं हाक मारली तर वळत नाही. हात धरून फिरवावं लागतं. फिरवलं की बघतो, ओळखतो, बोलतो थोडं. पण सयाजी म्हटलं की जणू शेजारच्या कुणाला हाक मारली.

शेटनी डॉक्टर आणला. त्यानं टाचणी टोचली. दंडापर्यंत काही कळत नाही. डॉक्टर म्हणाला, लढाईवरनं आलेल्या पोरांचं असं होतं, शिरा दमतात. शेटनी सयाजीसाठी दूध लावलं. राजमतीबाई स्वतः घेऊन आल्या, खोलीत आल्या, कांद्याचा वास येत असताना आल्या.

मी मालकांच्या कानाशी बोंबलून सांगितलं, पोराला त्या फोननं धरलंय. आवारातल्या सगळ्यांना ऐकू गेलं, यांनाच नाही. म्हणाले, व्हय, अंडी चार त्येला. जैनाच्या आवारात अंडी.

दुपारी माडीवर गेले. कान टांगलेलाच होता. त्यातनं बारीक आवाज येत होता. सयाजी म्हणत होता, आई, चहा टाक. आई, चहा टाक. खाली तो भिंतीला टेकून बसला होता, तोंड मिटून.

रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी. सातारा.

धुळाला शोधायला आले. शेटनी पत्ता दिला, गाडीचं तिकीट काढून दिलं, बरोबर माणूस देत होते. मी नको म्हटलं. बंगला सुटल्यावर धुळा साताऱ्यात लेकीकडं राहतो. म्हातारा मेंढ्यांच्या लोकरीचं सूत काढत बसला होता. मला बघून म्हणाला, आलासा? शेटबी आल्यात का? म्हणजे कुणीतरी येणार हे त्याला ठाऊक होतं. मी त्याला शिव्या दिल्या. सगळ्या ऐकून घेतल्या. मग पाणी दिलं.

त्यानं सांगितलं ते असं. साहेबाशी तो फोन विंग्रजीत बोलायचा. बंगल्यात तार कधी नव्हतीच. त्याला घरच्या मालकाचं नाव लागतं. साहेब घरी नव्हता, त्याच्या लेकीनं उचलला आणि पोरीनं आपलंच सांगितलं. पोरगी दगड झाली. बशीतलं खाईना, विस्तवात पाय गेला तरी कळेना. मग तिचा आवाज फोनातनं यायला लागला. साहेबानं दार लावून घेतलं आणि स्वतःचं नाव सांगितलं. संध्याकाळी पोरगी खाली आली आणि पाव मागितला. साहेब खुर्चीत बसलेला, डोळे उघडे. आगबोटीवर त्याला सामानासारखं चढवलं म्हणे.

धुळा म्हणाला, बाई, खरा मालक दिला की चुकून ग्येलेला परत येतुया. तुमी कुनाचं दिलं?

मी सांगितलं. त्यानं सूत खाली ठेवलं. मग म्हणाला, आवं, मालक म्हंजी घराचा मालक. शेट. त्येनं तुमच्या दादल्याला कुटं इचारलं हुतं?

मी उठले. शेट. एवढंच होतं. मला तेव्हा कळलंच नाही. आम्ही मालक म्हणतो ते एकालाच.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. सांगली.

लिहायला लाज वाटत नाही. स्टेशनवरनं सरळ माडीवर गेले. शेट खाली माझ्याबद्दल विचारत होते, बाई पोचल्या का, जेवल्या का. मी कान उचलला आणि म्हटलं, चूक झाली, मालक म्हणजे वर्धमान शेट, हे घर त्यांचं, त्यांना घे, माझा दे.

तो म्हणाला, तुम्ही तुमच्या घरातलं दिलं. तुमच्या घरातलंच बदलून मिळेल. मालकांचं नाव सांगा.

मी कान टांगला.

खाली आले तर शेटनी माझ्या पुढ्यात ताट ठेवायला लावलं. जेवले.

शनिवार, १ मार्च

आज माझं नाव दिलं. हरणाबाई. तो म्हणाला, मालकांचं. मी म्हटलं, घरात मीच मालकीण, मीच करते सवरते, मालक नुसते विडी ओढतात. खरंच आहे ते. तो म्हणाला, मालकांचं.

मग त्याच्या मागनं, फोनातनंच, सयाजीचा आवाज. आई, इथं काही लागत नाही. नुसतं तेवढंच. रडत नव्हता. आई, इथं काही लागत नाही.

मी ओरडणार होते. डोंगरावरच्या देवाला हाक मारणार होते, ओठांपर्यंत नाव आलं होतं. हात तोंडावर दाबला. तोच देव, तेच नाव. कान माझ्या हातात उघडा होता. एक अक्षर निसटलं असतं तर—

दुसरा कुठला देव आठवेना.

सोमवार, ३ मार्च

शेटना सगळं सांगितलं. त्यांना देणार होते तेही सांगितलं. म्हणाले, बाई, फोडून टाका, मला नको तो. त्यांनीच मला वर नेलं. मी वरवंटा घातला, तोंडावर.

फोनाला पोचा आला नाही. खाली मालक ओरडले. सयाजी ओट्यावर पडला होता. ओठ फुटले, दोन दात हातात आले. त्यानं दातांकडं बघितलं. म्हणाला, हां.

वरवंटा धुऊन जागेवर ठेवला.

मंगळवार, ४ मार्च

इस्लामपूरहून विजयमालेचे वडील आले. सयाजी पुढ्यात बसला. त्यांनी विचारलं, काय पाव्हणं, बरं हाय न्हवं? तो म्हणाला, कोण बोलतंय? त्या आवाजात. शाळा तपासणाऱ्या.

ते चहा न घेता गेले.

दुपारी वर जाऊन फोनात विचारलं, सयाजीला कवा सोडणार? तो म्हणाला, रविवारी जोडून देतो. काय जोडून, कुणाला—सांगितलं नाही. धुळा म्हणाला होता, एकदा जोडलं की मग गेलेला बदलून मिळत नाही. की नव्हता म्हणाला? मला नीट आठवत—

अंघोळीला पाणी कढत होतं. मलाही कळलं नाही. हात लाल झाला मग बघितलं.

गुरुवार, ६ मार्च

होळी. आवारात पेटवली. सगळे तोंडावर हात मारून बोंब ठोकत होते. शेटचे हमाल, पोरं. मालकसुद्धा. सयाजीला मी उभं केलं, चारचौघात बरं दिसावं म्हणून. त्यानंही हात तोंडावर नेला. मारला. आवाज नाही.

बोंब वरनं आली. माडीवरनं. एकट्याची.

सगळ्यांचे हात तोंडावरनं खाली आले. होळी नुसती जळत—

शुक्रवार, ७ मार्च

आवं. ही वही तुमच्या पुढ्यात ठेवणार आहे. तुम्हाला वाचता येतं, पलटणीत शिकलात. कानात बोंबलले तर आवार ऐकेल आणि माडीही. म्हणून लिहिते. मागची पानं आधी वाचा.

वाचलीत ना. आता नीट ऐका म्हणजे वाचा.

त्याला तुमचं नाव पाहिजे. ते दिलं की सयाजी खाली येईल आणि चहा मागेल. मग तुम्ही बाजेवर बसाल, डोळे उघडे. मी भरवीन, धुवीन, करीन. तुमचं कुंकू लावून करीन. तुम्ही म्हातारे झालात, त्याचं अजून लग्न व्हायचंय. हे वाईट लिहिलं असेल. मला आत काही वाईट वाटत नाही, काहीच वाटत नाही, म्हणून असं लिहिता येतंय.

मी आजच घेऊ शकले असते. दोनदा वर गेले. कान धरला. पण एवढी वर्षं जपलेलं नाव चोरून घेणार नाही. तुम्ही सांगायचं. स्वतः वर येऊन सांगा, नाहीतर मला ‘तू नाव घे’ म्हणून सांगा, नाहीतर नको म्हणा. नको म्हणालात तर काय करीन ते—आत्ता माहीत नाही.

रविवारी तो जोडणार.

सयाजी भिंतीशी आहे. आज मला ओळखलं नाही. माश्या बसल्यात ओठावर, हाकलत नाही.

तुम्ही ओट्यावर आहात, विडी विझलीय. मी आतनं बघतेय. वही द्यायला उठणार तेवढ्यात—

वर कुणी तरी आवं म्हणालं. माझ्याच आवाजात. मी तोंड उघडलं नाही, मी लिहितेय—

परत. आवं.

तुम्ही मान वर केलीत. तुम्हाला कसं ऐकू—माझं एवढ्या वर्षांत कधी—

उठू नका. मला जाब द्या, मला. उद्या शनिवारी, दिवा लावायच्या आत. हो का नाही ते मला सांगा. वर बघू नका. त्याला ओ देऊ न—